बाडमेचा निवाडा: लवादाने सीमातंटे खरंच मिटतात?

नकाशावेडा
आफ्रिकेवरच्या एका लेखात काल छातीठोक विधान वाचलं: 'तंटा लवादाकडे द्या, निवाडा आला की प्रश्न मिटतो.' राहवलं नाही म्हणून लिहितोय. सीमेवरून लढलेल्या इथिओपिया आणि इरिट्रियाने १२ डिसेंबर २००० ला अल्जीयर्समध्ये शांतता करारावर सही केली. सीमा ठरवायला नेमलेल्या लवादाचा, म्हणजे सीमा आयोगाचा, निर्णय अंतिम आणि बंधनकारक, हे दोघांनी मान्य केलं. १३ एप्रिल २००२ ला निर्णय आला. तंट्याचं मूळ असलेलं बाडमे गाव इरिट्रियाच्या वाट्याला गेलं, पण इथिओपियाने ते सोडलं नाही. पुढची १६ वर्षं दोन्ही फौजा समोरासमोर. यात मिटलं काय?

रेवाकाठ
असहमत. निवाड्याला कशाला दोष देता? जामीनदार गप्प बसले. जून २००० च्या युद्धबंदी करारात संयुक्त राष्ट्रसंघ आणि आफ्रिकी एकता संघटना या दोघांनी हमी दिली होती. भंग झाला तर राष्ट्रसंघाच्या सनदेच्या सातव्या प्रकरणाखाली, म्हणजे सुरक्षा परिषदेकडून सक्तीच्या, कारवाईची तरतूदही होती.

नकाशावेडा
कलम नीट वाचा. ती हमी युद्धबंदीची होती आणि सीमा ठरेपर्यंतच होती. सीमा ठरल्यावर ताबा कोणी, किती दिवसांत सोडायचा आणि नाही सोडला तर काय, याचं कलमच नव्हतं. नेमकं तिथेच घोडं अडलं.

उंबरठा
तुम्ही दोघेही मूळ गोम विसरताय. २००२ च्या निर्णयात बाडमे कुठे आहे हे नकाशावर दाखवलंच नव्हतं! सेटिट आणि मारेब नद्यांवरचे बिंदू जोडणारी सरळ रेषा तेवढी दिली. त्यामुळे दोन्ही राजधान्यांनी विजय जाहीर केला. इथिओपियाच्या परराष्ट्रमंत्र्यांनी तर बाडमे आपल्याला मिळाल्याचं सांगून टाकलं. गाव रेषेच्या इरिट्रियाच्या बाजूला आहे हे २००३ च्या मार्चमध्ये स्पष्ट झालं, तोवर इथिओपियाच्या सरकारला लोकांसमोर माघार घेणं अशक्य झालं होतं. तंट्याच्या गावाचं नाव निर्णयात स्पष्ट नसणं हा अक्षम्य ढिसाळपणा आहे.

रेवाकाठ
ढिसाळपणा कसला? आयोगाचे हात करारानेच बांधले होते. फक्त १९००, १९०२ आणि १९०८ चे वसाहती करार आणि आंतरराष्ट्रीय कायदा पाहायचा, न्यायबुद्धीने रेषा इकडेतिकडे सरकवायची नाही. पूर्वेला किनाऱ्यापासून ६० किमी आत, किनाऱ्याला समांतर रेषा. मध्ये वस्ती आली तरी दोन्ही देशांची संमती असल्याशिवाय काही करता येत नव्हतं. जमिनीवर सीमेचे खांब उभे करू दिले नाहीत म्हणून नोव्हेंबर २००६ मध्ये आयोगाने हवाई छायाचित्रांवरून खांबांचे अक्षांश-रेखांशच ठरवून दिले. वर्षभराची मुदत दिली, ती संपल्यावर सीमांकन झालं असं मानलं.

उंबरठा
कागदावर झालं! जमिनीवर खांब नाही, तर मेंढपाळाने काय अक्षांश मोजायचे?

शांतिदल
आणि दोन्ही फौजांच्या मध्ये ठेवलेल्या राष्ट्रसंघाच्या शांतिसैनिकांचं काय? आपली भारतीय बटालियन तिथे होती. २५ किमीचा सुरक्षा पट्टा पूर्ण इरिट्रियाच्या हद्दीत. ऑक्टोबर २००५ मध्ये इरिट्रियाने हेलिकॉप्टरं बंद केली, म्हणजे टेहळणीही गेली आणि जखमींना पटकन हलवायची सोयही. सुरुंगाच्या रस्त्यांवर गाडीने जायचं. पुढे डिझेलही तोडलं आणि जुलै २००८ मध्ये मोहीमच गुंडाळली. ज्याच्या बाजूने निवाडा लागला त्यानेच मोहिमेचा गळा घोटला. इथिओपियाला एकट्याला शिव्या देणं थांबवा.

रेवाकाठ
इरिट्रियाचं ते वागणं समर्थनीय नाही, एवढं मान्य. पण निवाडा डावलणाऱ्याला कोणी हात लावला नाही, म्हणूनच ते चिडले.

नकाशावेडा
मग २०१८ पाहा. इथिओपियाचे पंतप्रधान अबिय अहमद यांनी निर्णय स्वीकारला, ९ जुलैला इरिट्रियाच्या राजधानीत, अस्मारात, दोन्ही देशांचा शांतता जाहीरनामा झाला, सप्टेंबरमध्ये सीमेवरचं झालाम्बेसाचं नाकं उघडलं आणि काही महिन्यांत बंद. खांब तेव्हाही उभे केले नाहीत. नोव्हेंबर २०२० मध्ये इथिओपियाच्या सीमेलगतच्या टिग्रे प्रांतात युद्ध पेटलं. ते थांबवणाऱ्या २०२२ च्या प्रिटोरिया करारात इरिट्रिया पक्षकारच नव्हता. म्हणून आधी विचारायचं ते हे, की सैन्य मागे घ्यायची तारीख कोणती आणि ते मोजणार कोण?