वर्गमैत्रिणीच्या स्मृतीसाठी सोलापुरात कोणते काम सुरू करावे?

प्रश्न: जुनी वर्गमैत्रीण, सोलापूर

नमस्कार. आमच्या दहावीच्या वर्गातील एक मैत्रीण नुकतीच निवर्तली. घरच्यांच्या इच्छेला मान देऊन तिचे नाव येथे लिहीत नाही. परंतु विजापूर रस्ता आणि जुळे सोलापूर भागातील अनेकांनी तिला औषधांची पिशवी अडकवलेल्या स्कूटरवरून फिरताना पाहिले असेल. नोकरी सांभाळून तिने सारी हयात मुक्या जनावरांसाठी वेचली. वाहनाखाली सापडलेल्या कुत्र्यांची मलमपट्टी, नायलॉन मांजात अडकलेल्या पक्ष्यांची सुटका आणि गाळप हंगामात उसाच्या बैलगाड्यांची विचारपूस, हे तिचे रोजचे जगणे होते.

एकदा मंगळवेढा रस्त्याला मी तिच्यासोबत होते. जू घासून एका बैलाच्या खांद्याला जखम झाली होती आणि तीत आसड्या, म्हणजे अळ्या, पडल्या होत्या. दुर्गंधीने आम्ही बाकीच्या मागे सरलो. तिने जखमेत टर्पेंटाइनचा बोळा ठेवला, थोडे थांबून चिमट्याने एकेक आसडी बाहेर काढली आणि हे सारे करताना गाडीवानाला एका शब्दानेही दुखावले नाही. बैलाचे नाव काय, वाढे (उसाचे हिरवे शेंडे) पुरतात का, गाव कोणते, एवढेच ती विचारत राहिली. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन आलेला माणूस बैल बांधून ठेवू शकत नाही, हे ती जाणून होती. म्हणून जुन्या सोलापुरी चादरीची जाड घडी शिवून तिने ती जुवाला बांधायला दिली आणि निदान चार दिवस बैलाची बाजू बदलून जुंपण्याचे त्याच्याकडून कबूल करून घेतले.

आम्ही वर्गमित्रांनी काही रक्कम जमवली आहे. कोणी तिच्या नावाचा निवारा बांधावा म्हणतात, कोणी चौकात फलक लावावा म्हणतात. फलकाची कल्पना मला मुळीच रुचत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर: निवृत्त पशुधन पर्यवेक्षक

बाईंना मी ओळखत होतो. आमच्या दवाखान्यात त्या जनावर घेऊन येत, तेव्हा ते कधीपासून खात नाही, शेण कसे टाकते, ताप कधी चढतो, हे सारे कागदावर लिहून आणत. पशुपालकही इतकी नोंद क्वचित ठेवतात.

निवाऱ्याविषयी माझे मत स्पष्ट आहे: तो बांधू नये. इमारत एकदा उभी राहते, पण खाद्य, औषधे, पगार आणि स्वच्छता यांचा खर्च दर महिन्याला येतो, आणि लोक कुत्री आणून सोडू लागले की जागा अपुरी पडून तेथेच रोगराई पसरते. त्यापेक्षा रेबीजविरोधी लसीकरणाला हातभार लावावा. एखाद्या भागातील सुमारे ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली, तर तेथील रेबीजच्या प्रसाराची साखळी तुटते, असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. निर्बीजीकरण मात्र मान्यताप्राप्त संस्थेमार्फतच व्हावे लागते. २०२३ च्या नियमांनुसार शस्त्रक्रियेनंतर कुत्र्याला त्याच्या मूळ जागीच सोडायचे असते.

याबरोबर शाळांतून एक गोष्ट सांगत राहावी. कुत्रा चावल्यास जखम लगेच साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन लस सुरू करावी. जखमेवर हळद किंवा मिरची भरण्यात वेळ घालवू नये. लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ नेहमीच जीव घेतो. बाई हे प्रत्येक गल्लीत सांगत असत.

उत्तर: होटगी रस्त्यावरील रहिवासी

ताईंनी आमच्या गल्लीत ठेवलेली सिमेंटची कुंडी आजही भरली जाते. आपण कुंड्या ठेवणार असाल, तर प्रत्येक कुंडी कोण धुणार, हे आधी ठरवा. ताई आठवड्यातून एकदा ती पूर्ण रिकामी करून आतल्या कडा काथ्याने घासून घेत, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या पातळीजवळच्या कडेला चिकटून राहतात आणि केवळ पाणी बदलल्याने ती जात नाहीत. कुंडी उथळ असावी, म्हणजे चिमण्यांनाही पिता येते.

उत्तर: मोहोळ तालुक्यातील शेतकरी

गल्लीतील कुत्र्यांकडे कोणाचे तरी लक्ष जाते. उसाच्या गाडीचा बैल मात्र हंगाम संपला की जिल्ह्याबाहेर जातो आणि विस्मरणातही जातो. ताईंनी हे ओळखले होते, म्हणून माझा कौल बैलांना आहे.

ओढकामाच्या जनावरांविषयी १९६५ चे केंद्रीय नियम आहेत. त्यांनुसार जनावराला दिवसात एकूण नऊ तासांपेक्षा जास्त आणि सलग पाच तासांपेक्षा जास्त जुंपता येत नाही, तसेच पारा ३७ अंशांच्या वर असताना दुपारी बारा ते तीन या वेळेत त्याच्याकडून काम घेता येत नाही. आपल्याकडे मार्च महिन्यातच ऊन त्या पातळीला पोहोचते आणि हंगामाचा शेवट तर बऱ्याचदा त्यापुढे लांबतो. तथापि कारखान्याच्या दारी रांगेत उभ्या गाडीवानाला नियम ऐकवून काहीही साधत नाही. गाडी खाली होईपर्यंत तो जागा सोडू शकत नाही. रांगेलगत सावलीसाठी पत्र्याचे छत आणि पाण्याचा हौद असेल, तर बैल सोडून बांधता येतील. बैलांचे खांदे तपासण्यासाठी आठवड्यातून एक दिवस पशुवैद्य आले, तर फारच उत्तम.

सोलापुरात सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत जनावरांचा बाजार भरतो. तेथेही जुवाच्या गाद्या वाटता येतील.

प्रश्नकर्तीचे प्रत्युत्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मोहोळच्या दादांचे म्हणणे मला सर्वाधिक पटले, आणि वर्गातील बहुतेकांनाही. निवाऱ्याचा विचार सोडला आहे. पहिला खर्च एका कारखान्याच्या रांगेलगत छत आणि हौद यांवर करावा, असे ठरले आहे. त्यासाठी तेथील शेतकी विभागाला रीतसर पत्र देत आहोत. लसीकरणासाठी दरवर्षी वेगळी वर्गणी काढू.

चादरीच्या गाद्या शिवायला आमच्यातील तिघी तयार आहेत, परंतु जुवाची नेमकी जाडी आणि बैलाच्या खांद्यावर गादी किती रुंद बसावी, हे आम्हांला ठाऊक नाही. दादा, आपल्याकडे एखादे जुने जू असल्यास मोजमाप कळवाल का? कापूस भरावा की केवळ चादरीच्या घड्या पुरतील, हेही सांगावे, कारण घामाने भिजलेला कापूस खांद्याला अधिक काचेल अशी शंका वाटते.