फॉन्टची बदली 'होते' की 'नेमतात'?

बेळगावात लग्नपत्रिका म्हणजे बऱ्याचदा एका अंगाला मराठी, दुसऱ्या अंगाला कन्नड. मी डीटीपीचं काम करतो. मागच्या महिन्यात एका पत्रिकेची वर्डफाईल छापखान्यात दिली, त्यांनी तिथं पीडीएफ केली. छापून आली तर 'शुभविवाह'मधला श आणि 'कुलदेवता'मधला ल, दोन्ही हिंदी वळणाचे. आमचा फॉन्ट त्यांच्या संगणकात नव्हता, म्हणून दुसराच लागला. कोणते फॉन्ट आहेत आणि ते फाईलच्या आत आहेत का, हे दाखवणारी पीडीएफची फॉन्टयादी तपासली, तर सगळे फॉन्ट फाईलच्या आत! बदलीचाच फॉन्ट आत गेल्यावर यादी तरी काय ओरडणार?

"फॉन्टची बदली झाली" असं मी घरी सांगितलं. पुण्याची भाची म्हणाली, "बदली गावाहून गावाला होते ना मामा?" म्हणून विचारतो, याला नेमकं काय म्हणावं? 'पर्यायी फॉन्ट' मला पटत नाही. पर्याय आपण निवडतो, इथं आपल्याला कुणी विचारलंच नाही.

खानापूरहून
संस्कृत व्याकरणात यासाठी नेमका शब्द आहे, 'आदेश'. एका वर्णाला हटवून त्याच्या जागी दुसरा आला की तो आदेश. कुणाला न हटवता शेजारी येऊन बसला की 'आगम'. शत्रुवत् आदेश, मित्रवत् आगम, असं शिकवतात. तुमच्या श आणि ल चं झालं ते शत्रुवतच. फॉन्ट फाईलच्या आत घालणं हा आगम धरता येईल.

निपाणीहून
सर, जोडी सुरेख आहे, पण आज आदेश म्हटलं की मराठीत हुकूम आणि कन्नडातही हुकूमच. छापखान्यातल्या पोराला 'आदेश तपास' म्हटलं तर तो ऑर्डरबुक उघडेल. 'बदली'च ठेवा. कन्नडात 'बदलि' म्हणजे एकाच्या जागी दुसरं. रस्ता बंद असला की 'बदलि मार्ग'. नोकरीतल्या बदलीला तिथं 'वर्गावणे' असा वेगळा शब्द आहे. मराठीतही बदली कामगार, बदली ड्रायव्हर म्हणतोच की आपण. अरबी 'बदल'वरून आलेला हा शब्द आपल्या भागात दोन्ही भाषांच्या माणसांना कळतो, मला तरी हेच मोठं वाटतं.

आणि श-ल वर निभावलं म्हणा. युनिकोडमध्ये प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक असतो. त्याआधीच्या जुन्या फॉन्टांत देवनागरी अक्षरं रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात. तिथं बदली झाली की पत्रिकाभर रोमन अक्षरांचा चिवडा.

पुन्हा बेळगावहून
दोघांचेही आभार. 'बदली' मान्य, पण मला वाटतं खरी गोम क्रियापदात आहे. 'बदली झाली' म्हटलं की नोकरीतली आठवते. 'बदली नेमली' म्हटलं की जागेवर बसवलेला माणूस दिसतो. संगणकातही या दोन गोष्टी वेगळ्याच आहेत. फॉन्ट नसला की प्रोग्राम गुपचूप दुसरा लावतो, ती आपोआप झालेली बदली. घोस्टस्क्रिप्ट या पीडीएफ तयार करणाऱ्या प्रोग्राममध्ये मात्र फॉन्टमॅप नावाची साधी फाईल असते. तिच्यात हव्या असलेल्या फॉन्टचं नाव आणि पुढे त्याच्या जागी कोणता घ्यायचा त्याचं नाव लिहितात. ही नेमलेली बदली. पूजेत दागिना नसला तर आपण 'अलंकारार्थे अक्षतान् समर्पयामि' असं उच्चारून अक्षता वाहतो. कशाच्या जागी काय, हे तिथं बोलून दाखवलेलं असतं.

लिबरऑफिस या वर्डसारख्या मोफत प्रोग्रामच्या पर्यायांतही असा तक्ता आहे. त्यात 'नेहमी' आणि 'फक्त पडद्यावर' अशा दोन खुणा असतात. दुसरीच खूण केली तर नेमलेली बदली पडद्यापुरतीच राहते, छपाईला लागू होत नाही. हे मी स्वतः चुकून शिकलो.

आता एक उरलं. पीडीएफमध्ये पुष्कळदा अख्खा फॉन्ट जात नाही, वापरलेली अक्षरं तेवढीच जातात. यादीत अशा फॉन्टच्या नावाआधी सहा मोठी रोमन अक्षरं आणि अधिकचं चिन्ह दिसतं. त्याला आमच्या दुकानात 'अर्धा फॉन्ट' म्हणतात. मला 'वेचीव फॉन्ट' बरा वाटतो. खानापूरकर सर, तुम्हाला कसा वाटतो?