आयपीटीजी घालूनही पिवळा रंग येत नाही?

वरचा प्रश्न: ई. कोलाय या जिवाणूला १ मिलिमोलर आयपीटीजी (लॅक जनुकं चालू करणारं रसायन) देऊनही ओएनपीजी (बीटा-गॅलॅक्टोसिडेज या विकराने तुटलं की पिवळा रंग देणारं रसायन) पिवळं का होत नाही?

आधी स्ट्रेन (जिवाणूचा वाण) बघा. डीएच५-अल्फा असेल तर विषयच संपला. त्यातलं लॅक-झेड, म्हणजे या विकराचं जनुक, अर्धवट आहे. लॅक-झेड पूर्ण असलेला एमजी१६५५ स्ट्रेन घ्या. मग माध्यमातलं ग्लुकोज काढून ०.४ टक्के ग्लिसरॉल घाला. आयपीटीजीमुळे रिप्रेसर (जनुक बंद ठेवणारं प्रथिन) ऑपरेटरवरून (डीएनएवरच्या त्याच्या जागेवरून) हटतो खरा, पण ग्लुकोज असलं की सीएएमपी (पेशीतला संदेशवाहक रेणू) कमी पडतं, त्याच्याशिवाय सीएपी (जनुकाला चालना देणारं प्रथिन) प्रमोटरजवळ (जनुक वाचायला सुरुवात होते त्या जागेजवळ) बसत नाही आणि प्रतिलेखन (जनुकावरून आरएनए बनणं) रेंगाळतं. पेशीचं आवरण सच्छिद्र करणारं क्लोरोफॉर्म-एसडीएस विसरलात तर ओएनपीजी पेशीत धड शिरतच नाही.

आणि हो, नागपुरात मे महिन्यात ‘खोलीचं तापमान’ धरू नका. चाचणी २८ अंशांवर हवी असेल तर साधा वॉटर बाथ पाणी गार करत नाही. बर्फ टाकत राहा, नाहीतर कंट्रोलसकट (तुलनेच्या नमुन्यांसकट) सगळं ३७ वर करा.