आईच्या लुगड्यांची वाकळ: किती लुगडी लागतील?

वाईकर_लेक: आईची सहा नऊवारी आहेत: चार सुती, एक इरकल, एक पैठणी. वर्षश्राद्धाआधी दोन नातवंडांना एकेक वाकळ द्यायचीय. कशी करू?

तासगावची_सुई: ताई, नऊ वार म्हणजे २७ फूट. चार तुकडे केले की पावणेसात फुटी चार थर, रुंदी कापडाच्या पन्ह्याएवढी. एका माणसाच्या वाकळेला एक लुगडं पुरतं. पण बसायच्या जागी सूत विरलेलं असतं. उजेडात धरून बघा. विरलेला भाग आत, धड भाग वरखाली. म्हणून एका वाकळेला दोन धरा. लाल-जांभळ्यावर ओलं पांढरं फडकं घासा. रंग लागला तर वेगळं धुवा. नाहीतर पहिल्याच धुण्यात सगळी वाकळ गुलाबी!

आधी मधून कडेकडे कच्चे टाके, मग कडेपासून आत फेरे घेत धावदोरा, ओळींत दोन बोटं अंतर. दोरा सुतीच. पॉलिस्टरचा जुनं सूत कापू शकतो.

कराड_७७: इरकलीचा पदर बहुधा रेशमी किंवा रेयॉनचा असतो. सुतासोबत शिवला तर आटण्यात फरक पडून चुण्या येतात. पदर कापून वेगळा ठेवा, अंग वापरा.

तासगावची_सुई: बरोबर. आणि पैठणीला कात्री लावू नका, कोणी कितीही सांगो. धुतलेल्या मलमलीत गुंडाळा, तीन-चार महिन्यांनी घडी मोडून नवी घाला. एकाच घडीत राहिली की जरीची तार त्याच रेषेवर तुटते. डांबरगोळ्या जरीला लागू देऊ नका.

वाईकर_लेक: काठ उरले तर?

कराड_७७: चारी कडांना गोट म्हणून लावा. तिथंच वाकळ आधी फाटते.