मदत हवी आहे : मायक्रोरिअॅक्टरमधील लायपेज आठवडाभरात मंदावते

नमस्कार. फोंड्याजवळच्या आमच्या छोट्या प्रयोगशाळेत आम्ही आयसोअमाइल अल्कोहोल आणि अॅसेटिक आम्ल यांपासून केळ्याच्या वासाचे एस्टर बनवत आहोत. २ मिलिमीटर आतील व्यासाच्या टेफ्लॉन नळीत (हाच आमचा मायक्रोरिअॅक्टर) अॅक्रिलिक रेझिनच्या मण्यांवर बसवलेले लायपेज, म्हणजे ही अभिक्रिया घडवणारे एन्झाइम, भरले असून, हेप्टेन या द्रावकातील मिश्रण सिरिंज पंपाने ४० अंश सेल्सिअसला त्यातून सोडतो. पहिले तीन दिवस दार उघडताच वास दरवळतो. पुढे मात्र एस्टरमध्ये होणारे रूपांतरण घटत जाते, पंपावरचा दाब वाढतो आणि नळीच्या शेवटच्या भागात मण्यांच्या ओलसर गुठळ्या झालेल्या दिसतात.

माझा संशय पाण्यावर आहे. अभिक्रियेत तयार होणारे पाणी हेप्टेनमध्ये फारसे विरघळत नसल्याने ते मण्यांवर साचत असावे, त्यात आम्लही ओढले जात असावे आणि त्यामुळे एन्झाइमला दुहेरी फटका बसत असावा. सध्याच्या पावसाळी हवेत उघड्या बाटलीतले आम्लही ओलावा शोषते, हे वेगळेच.

दोन नळ्यांच्या मध्ये मॉलिक्युलर सिव्हचा (पाणी शोषून घेणाऱ्या सच्छिद्र दाण्यांचा) टप्पा ठेवून कोणी सलग काम केले आहे का? आम्लाऐवजी एथिल अॅसिटेट वापरल्यास पाण्याऐवजी इथेनॉल तयार होईल, पण वेग पुरेसा राहतो का? टर्शरी ब्यूटेनॉल या द्रावकाने धुतल्यावर हेच मणी पुन्हा कामाला येतात का? आम्लाला दुसरा पर्याय असलेले विनाइल अॅसिटेट मी मुद्दाम टाळतो आहे, कारण त्यातून सुटणारे अॅसिटाल्डिहाइड एन्झाइमला बाधू शकते. मण्यांचा व्यास सुमारे अर्धा मिलिमीटर असल्याने द्रव भिंतीलगत निसटत असेल, तर किती रुंद नळी घ्यावी, हेही कृपया अनुभवाने सांगावे.