दुसऱ्या गेटवरचं फाटक आणि आपली शिस्त

शहापूरकर

काल संध्याकाळी सातच्या सुमाराला बेळगावात टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटवर अडकलो. फाटक पडलं तेव्हा माझ्यापुढं चारच गाड्या होत्या. दोन मिनिटांत उजव्या अंगानं एक स्कूटी पुढं गेली, तिच्यामागं रिक्षा, रिक्षामागं कार. पलीकडच्या बाजूलाही तोच प्रकार. रेल्वे गेली, फाटक वर झालं आणि बघतो तर दोन्हीकडची माणसं रस्ताभर पसरून एकमेकांकडं तोंड करून उभी, कबड्डीला उतरल्यासारखी. वाट कुणालाच नाही. रेल्वेला जायला मिनिटभर लागलं असेल, आम्हाला रूळ ओलांडायला पंधरा मिनिटं.

हीच माणसं कॅम्पात, म्हणजे लष्करी छावणीत, शिरली की बघा. मिलिटरी पोलीस दिसला रे दिसला की आरशावरचं हेल्मेट डोक्यावर, वेग वीसवर, हॉर्न बंद. तीच गाडी, तोच माणूस. म्हणून माझं मत सांगतो, शिस्त शिकवून येत नाही, धाकानं येते. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र 1922 पासून आपल्या गावात आहे. शंभर वर्षं परेड बघून आपण घेतलं काय? गेटवर रोज दंडाची पावती फाडा, महिन्यात सगळे सरळ येतील. पटत नसेल त्यांनी सांगावं.

माजी हवालदार

मी त्याच केंद्रातून बाहेर पडलेला गणपत आहे (मराठा पलटणीच्या जवानाला फौजेत गणपतच म्हणतात), म्हणून लिहितो. धाकानं शिस्त येते हे अर्धंच खरं. रंगरूट असताना उस्तादानं भरपूर रगडलं. चादरीची घडी वाकडी दिसली की अख्ख्या बराकीला पळायला लावायचे. तेव्हा शिव्या घातल्या, नाही म्हणत नाही. पण रात्री दोन वाजता पहाऱ्यावर एकटा उभा असताना उस्ताद कुठं असतो? तिथं झोप आवरते ती धाकानं आवरत नाही. मागं झोपलेली पोरं आपल्या भरवशावर झोपलीत हे माहीत असतं.

आणखी एक. लंगरमध्ये ताट घेऊन आम्ही रांगेत उभे राहायचो, कुणी घुसत नव्हतं. का? शेवटच्या माणसालाही तेवढंच जेवण मिळणार याची खात्री होती. तुमच्या गेटवर शेवटच्याला काय मिळतं? पुढच्या रेल्वेचं फाटक. मग तो रांगेत कशाला थांबेल?

शहापूरकर

@माजी हवालदार, रांगेचा मुद्दा मानला. पण कॅम्पातल्या हेल्मेटचं काय? तिथं कुणाच्या भरवशाचा प्रश्न नाही, निव्वळ पावतीचा आहे.

माजी हवालदार

आणि कॅम्पाच्या बाहेर पडल्यावर हेल्मेट परत आरशावर. हेच तर सांगतोय की ओ.

खानापूरची बाई

पंचवीस वर्षं शाळेत काढली. धाकाचं कौतुक करणाऱ्यांसाठी वर्गातली एक परीक्षा सांगते. बाई मीटिंगला गेल्या की कुठल्या वर्गात गोंधळ होतो ते ऐका. ज्या वर्गात पट्टी चालते, तोच पहिल्यांदा छप्पर उडवतो. जिथं मुलांना हातात काम असतं, तिथं कुजबूज असते, पण काम चालू असतं. आमच्या पिढीला ‘गप्प बसलेला वर्ग म्हणजे शिस्तीचा वर्ग’ असंच शिकवलं गेलं. मीही सुरुवातीची काही वर्षं पोरांना अंगठे धरायला लावलेत. आज आठवलं तरी ओशाळते. आता शिक्षण हक्क कायद्याचं 17 वं कलम शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई करतं. कायदा 2009 चा, पण आजही कितीतरी पालक येऊन सांगतात, “बाई, दोन लावा त्याला, आमची हरकत नाही.”

शिस्त कुणाच्या सोयीची, हाही प्रश्न आहे. माझी भाची बेळगावात एका इंग्रजी शाळेत होती. मधल्या सुट्टीत डबा खाताना मैत्रिणीला “थोडी भाजी दे ना” म्हणाली, म्हणून दहा रुपये दंड. डायरीत शेरा काय, तर ‘बेशिस्त’. ती आठवडाभर डबा एकटीच खात होती. दंडानं पोरगी सरळ झाली असं तुम्ही म्हणाल काय?

आणि धाकाशिवायची शिस्त बघायला लांब जायला नको. तुम्ही अडकलात त्याच टिळकवाडीत 1924 च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन झालं, गांधीजी अध्यक्ष असलेलं एकमेव. गंगाधरराव देशपांड्यांनी व्यवस्था पाहिली, हर्डीकरांचे सेवादलाचे स्वयंसेवक राबले. त्यांना कुणी पावती फाडायला नव्हतं.

शहापूरकर

बाई, भाचीचं वाचून वाईट वाटलं, तो दंड मूर्खपणाच आहे. पण अधिवेशन दोन दिवसांचं होतं. दोन दिवसांची शिस्त लग्नातल्या वाढप्यांकडंही असते. मला रोज संध्याकाळी सातला पाहिजे.

चव्हाटगल्ली

गेट काय घेऊन बसलाय! 2018 ला महाराष्ट्र एकीकरण समितीचा एकही आमदार निवडून आला नाही, 2023 लाही नाही. तिथं फाटक कुणी पाडलेलं? प्रत्येकाला उजव्या अंगानं पुढं जायचं होतं, बस्स.

शहापूरकर

राजकारण वेगळ्या धाग्यावर. (खरं असलं तरी.)

उचगावचा शेतकरी

शहरातल्या लोकांनी आमच्याकडं आषाढात यावं. रोप लावणीला पैरा असतोय. आज माझ्या शेतात दहा बायका नि चार गडी, उद्या तेच सगळे शेजारच्या शेतात, परवा त्याच्या भावकीच्या. वही नाही, सही नाही. पण कुणाची बायको किती दिवस आली, हे सगळ्या गावाला तोंडपाठ. माझा एक चुलता एका साली स्वतःची लावणी उरकून घेतला आणि दुसऱ्यांच्या वेळी पाठ दुखते म्हणून घरी बसला. कुणी भांडलं नाही, कुणी बोललं नाही. पुढच्या साली त्याच्या वाफ्यात रोप पिवळं पडलं तरी एक माणूस गेला नाही. चुलती घरोघरी जाऊन आली तेव्हा कुठं दोन बायका आल्या. तेव्हापासून म्हातारा सगळ्यांच्या आधी चिखलात.

मी एवढंच म्हणतो, पोलीस नको, पण हिशोब पाहिजे.

शहापूरकर

हे तर माझ्याच बाजूचं झालं! पिवळं पडलेलं रोप हा दंड नाही तर काय? आणि गावात सगळे एकमेकांना ओळखतात. दुसऱ्या गेटवरच्या स्कूटीवाल्याला मी कुठं ओळखतो? त्याचं रोप कुठं आहे, ते सांगा.

निपाणीकर

दंड आणि धाक या शब्दांना आमच्याकडं वेगळा वास आहे. 1981 ला तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या मागं हजारो शेतकरी निपाणीजवळ महामार्गावर बसले. तीन आठवड्यांहून जास्त. रस्त्यावरच वस्ती झाली, तिला आंदोलननगर म्हणायचे. आजोबा तिथं होते. ते भाषणांचं फारसं सांगायचे नाहीत. भाकऱ्या गावागावांतून कशा यायच्या आणि वाटपात कुणी दुसऱ्यांदा हात पुढं करत नव्हता, हे मात्र दरवेळी सांगायचे. 6 एप्रिलला गोळीबार झाला, बारा शेतकरी गेले. एवढे दिवस शिस्तीत बसलेल्यांवर ‘सुव्यवस्थे’साठी गोळी चालली. त्यामुळं वरून येणाऱ्या शिस्तीचं गुणगान आमच्या घरात कुणी करत नाही.

शहापूरकर

यावर काही बोलणं मला शोभत नाही. मी हेल्मेटबद्दल लिहीत होतो.

गेटजवळचा दुकानदार

एवढे सगळे बोललेत, आता रोज बघणाऱ्याचं ऐका. माझं दुकान गेटाला लागूनच हाय. फाटक पडलं की पहिली दोन मिनिटं सगळे नीट उभे असतात, खरं सांगतो. मग एक कुणीतरी सुटतो, बहुतेक वेळा बाईकवाला. तो गेला की मागच्यांच्या तोंडावर दिसतंय, आपण येडे काय? तिसरा-चौथा गेला की थांबणाराच येडा ठरतोय. बेशिस्त शंभर जण नसतात, एक असतोय. बाकीचे नुसते नुकसान होऊ नये म्हणून पळतात.

म्हणून मागच्या पावसाळ्याआधी मी काय केलो, दुकानातला एक जुना प्लॅस्टिकचा ड्रम घेतलो, त्यात वाळू भरलो आणि फाटकाच्या अलीकडं रस्त्याच्या बरोबर मधी ठेवलो. त्याला एक लाल फडकं. बस्स. पहिल्याला उजवीकडं जायला जागाच गावेना. दोन महिने कोंडी निम्म्यावर आली. पोलीस नाही, पावती नाही, पैरा नाही, ड्रम! पलीकडच्या बाजूचा चहावाला पण एक ठेवणार होता.

खानापूरची बाई

मग आता कुठं गेला तो ड्रम?

गेटजवळचा दुकानदार

चोरीला गेला. वाळू तिथंच ओतून गेला भाडखाव. पाणी साठवायला न्हेला असणार, उन्हाळा होता.

माजी हवालदार

😄 शिस्तीचा ड्रम चोरीला गेला.

शहापूरकर

हसू नका हो. पण मला सांगा, रस्त्यात ड्रम ठेवायला परवानगी घेतली होती का? की तीही बेशिस्तच?

गेटजवळचा दुकानदार

ट्रॅफिकच्या साहेबाला विचारलो होतो. हो म्हटला नाही, नको पण म्हटला नाही. मान हलवला. कुठल्या बाजूला हलवला ते मी बघितलो नाही.

चव्हाटगल्ली

तिसऱ्या गेटवर उड्डाणपूल झाला, कपिलेश्वरला झाला. दुसऱ्या गेटवर झाला की शिस्तीचा प्रश्नच मिटला. तोवर भांडा.

शहापूरकर

पूल होईल तेव्हा होईल. माझ्याकडं एक निळा ड्रम आहे, बाथरूममधला, तळाला थोडी चीर आहे, पण वाळूला चालेल. रविवारी सकाळी घेऊन येतो. लेखी अर्ज मीच देतो, उगाच मान कुठं हलली यावर वाद नको. वाळू कोण आणणार?

उचगावचा शेतकरी

वाळू नाही, माती हाय. दोन पोती टाकतो गाडीत. पण एका अटीवर, पुढच्या आषाढात एक दिवस लावणीला यायचं.

माजी हवालदार

ह्या वेळी साखळी लावा. कुलूप मी आणतो.