सुबाभळीचा बुडखा पुन्हा पुन्हा फुटतोय, कायमचा कसा काढावा?

नमस्कार मंडळी,

साताऱ्याला आमच्या परसात सुबाभळीचं मोठं झाड होतं. फांद्या विजेच्या तारांना टेकायला लागल्या म्हणून नगरपालिकेची रीतसर परवानगी घेऊन ते उतरवलं. तोडणारे वीतभर बुडखा ठेवून गेले. तेव्हापासून त्याला धुमारे फुटताहेत. छाटले की थोड्याच दिवसांत पुन्हा झुडूप, आणि पावसाळ्यात तर विचारूच नका.

बुडखा साधारण दीड फूट रुंद आहे. एका अंगाला दोन फुटांवर कंपाउंडची भिंत, दुसऱ्या अंगाला जमिनीखालची पाण्याची टाकी. बोळ अरुंद, त्यामुळे जेसीबी आत येत नाही. आईला तिथे प्राजक्त लावायचा आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसेल अशी तेवढी एकच जागा आहे, म्हणून मला हे काम मनापासून पुरं करायचंय.

कोणी सांगतं भोकं पाडून खडेमीठ भरा, कोणी सांगतं डिझेल ओतून पेटवा. मिठाने माती नासेल आणि शेजारचं लिंबू जाईल अशी भीती वाटते. टाकीजवळ जाळ करायची तर हिंमतच नाही. भिंतीला धक्का न लावता हा बुडखा निघेल का? कोणी स्वतः काढला असेल तर कृपया सविस्तर सांगा.

मातीतला माणूस: ताई, मीठ आणि डिझेल दोन्ही नको. ओला बुडखा पेटत नाही, नुसता वरून काळा होतो. डिझेल मातीत मुरतं आणि तुमची तर पाण्याची टाकी शेजारीच आहे.

सुबाभूळ फुटते ती खोड आणि मूळ जुळतात त्या गळ्यापासून. लांबच्या मुळांतून ती सहसा फुटत नाही. म्हणजे सगळी मुळं उपसायची गरज नाही, गळा निघाला की काम झालं. आदल्या रात्री भरपूर पाणी सोडा. सकाळी टिकाव आणि पहारीने भोवती दीड-दोन फूट खोल चर काढा. आडवी मुळं दिसतील तशी धुऊन घ्या आणि कुऱ्हाडीने किंवा करवतीने तोडा. मातीने माखलेल्या मुळावर करवतीची धार लगेच जाते, म्हणून धुवायचा कंटाळा करू नका. भिंतीकडची मुळं सगळ्यात आधी तोडा. ती अखंड असताना पहारीने बुडखा उचकटला तर हिसका थेट पायाला बसतो. शेवटी मधलं सोटमूळ राहतं, ते जमेल तितकं खालून कापा. दोन गडी लावले तर दिवसात होईल.

रानवाट: खोदायला माणसं मिळाली नाहीत तर उपाशी ठेवायचा मार्ग आहे. धुमारा बोटभर झाला की लगेच मोडायचा. पानं वाढू दिली की ती मुळांना पुन्हा अन्न पुरवतात. वर जाड काळी ताडपत्री घालून कडेने माती दाबा. वेळ लागतो, पण मुळातला साठा संपतो. जिवंत बुडखा कुजत नाही, त्यामुळे शेणकाला, ताक वगैरे आत्ता ओतून उपयोग नाही. मेल्यावर भोकं पाडून शेणकाला भरा आणि ओल टिकवा. मात्र वाळवी येते, घराची लाकडी दारं जवळ असतील तर लक्ष ठेवा.

तणनाशक म्हणाल तर ग्लायफोसेटचा वापर 2022 पासून केंद्र सरकारने फक्त कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता ठेवलाय. टाकी आणि लिंबू जवळ असताना मी तरी त्या वाटेला जाणार नाही.

धागाकर्ती: दोघांचेही खूप आभार. खोदायचंच ठरवलं. भिंतीच्या पायाखाली गेलेलं मूळ ओढून काढू का?

मातीतला माणूस: अजिबात नको. ओढलं तर पायाखाली पोकळी राहते. कापून तिथेच सोडा, ते हळूहळू कुजेल. खड्ड्यात लाकडाचे तुकडे किंवा भुसा राहू देऊ नका, कुजताना ते मातीतलं नत्र ओढून घेतात आणि नवं रोप पिवळं पडतं. नवी माती आणि चांगलं कुजलेलं शेणखत भरा. आणि हो, सुबाभळीचं बी टणक असतं, मातीत वर्षानुवर्षं टिकतं. पुढचे काही पावसाळे प्राजक्ताच्या आळ्यात रोपं उगवतील. दोन-चार पानांवर असतानाच मुळासकट उपटा, तेव्हा हाताने सहज निघतात.